आदी बस गो बाय

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की घरी अल्सेशियन येतोय आणि त्याच्यावरची पुस्तकं मागवली आहेत. पुस्तकं जरूर वाचा. मला मात्र फोन ठेवल्यावर बाळकुमच्या मावशी आठवल्या. तुमचा कुत्रा यायच्या आत त्या तुम्हाला भेटायला हव्यात.

दारात कोणी आलं की मावशी "या" म्हणायच्या नाहीत. तळहात हवेत खाली दाबायच्या आणि म्हणायच्या, "आदी बस गो बाय." आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही एकदा टायसकट त्या पायरीवर बसले होते.

मावशी कोळीण. सकाळी आमच्या चाळीत टोपली घेऊन यायच्या. जवळच्या कारखान्यातले एक साहेब बदली झाल्यावर आपला अल्सेशियन "थोडे दिवस सांभाळा" म्हणून त्यांच्याकडे ठेवून गेले, ते परत आलेच नाहीत. कुत्र्याचं नाव टायगर. मी इंग्रजी शिकवते हे ठाऊक असल्याने मावशी माझ्याकडे आल्या.

"बाई, याला विंग्रजी येतं, मला नाय. बस कसं म्हनायचं?"

मी 'सिट' शिकवलं. मावशींनी दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि हसल्या. "जाव दे. तोच शिकंल माझी भाषा."

आणि तो शिकला. "आदी बस" म्हटलं की पाहुणा पायरीवर बसायचा आणि टायगर आत. मग तो सावकाश येऊन हात हुंगायचा, त्याची खात्री पटली की वळून आपल्या ओल्या गोणपाटावर जाऊन पडायचा. मावशी म्हणायच्या, "उभा मानूस त्याला डोंगर वाटतो. बसला की मानूस वाटतो." दुपारी त्या त्याच्या कानामागच्या गोचिड्या काढत बसायच्या. मासळी उकडून, काटे काढून, भातात कालवून द्यायच्या, त्यात मीठ नाही. साखळी मात्र घरात नव्हती.

ती साखळी आली त्यांच्या मुलाच्या लग्नात. वऱ्हाड घाबरेल म्हणून मुलानेच टायगरला मागच्या खांबाला बांधलं. सून ठाकुर्लीची. वरात दारात आली, माप भरून ठेवलेलं, आणि मागून असं भुंकणं सुरू झालं की बॅंडवाले आपोआप थांबले. साखळी तुटली. टायगर येऊन उंबऱ्यात उभा राहिला, मान खाली, अंगावरचे केस ताठ.

मुलीचे मामा पुढे झाले. "कुत्रा राहील नायतर आमची पोर राहील. आताच सांगा."

 

मावशींनी मुलाकडे पाहिलं. "बांधलास ना त्याला? बांधलेला घर राखील कसा? भिनारच." मग त्या सुनेकडे वळल्या आणि तळहात खाली केला. "आदी बस गो बाय."

"नवरी पायरीवर बसंल?" मामा म्हणाले.

"तिचंच घर हाय. कुठंपन बसंल."

ती मुलगी शालूसकट पायरीवर बसली. शेल्याची गाठ मारलेली, त्यामुळे नवऱ्यालाही बसावं लागलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. टायगर जागच्या जागी बसला. मग उठून जवळ आला, हळद लागलेला तिचा हात त्याने बराच वेळ हुंगला. तिने हात मागे घेतला नाही. शेवटी त्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि मावशी मामांना म्हणाल्या, "दोगंपन राहतील." मगच माप ओलांडलं गेलं.

टायगर म्हातारा होऊन त्याच घरात गेला. शेवटी पाय चालेनात, तेव्हा सूनच त्याला उचलून उन्हात ठेवायची. पुढे मावशी गेल्या, घराच्या जागी इमारत आली.

गेल्या महिन्यात सुनेकडे गेले होते. सहावा मजला, लिफ्ट आहे, कुत्रा नाही. दाराबाहेर एक बुटकं बाकडं ठेवलंय. तिने दार उघडलं आणि तळहात खाली केला.

"आदी बसा बाई."

मी बसले. कुत्रा यायच्या आत तुमच्या दारातही असं एक ठेवा.