ओठांनी दाखवलेली म्हातारी

दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून मी भाजीवालीला ओठ पुढे काढूनच कोथिंबीर दाखवली. ती म्हणाली, "काका, दाढ दुखतीय का?"

ही खोड मनिलाची. नोकरीमुळे तिथे होतो तेव्हा रविवारी एका वयस्कर फिलिपिनो चित्रकाराकडे शिकायला जायचो. सर आधुनिक चित्रकार होते, म्हणजे त्यांच्या म्हशी चौकोनी असायच्या. बोलायचे फार कमी.

एकदा मी बंदराचं चित्र काढत होतो. कोपऱ्यात जाळं विणणारी एक म्हातारी होती. सर मागे येऊन उभे राहिले आणि तिच्याकडे बघून त्यांनी ओठांचा चंबू केला. मास्तरांच्या चेहऱ्यावर काही हललं की ते आपल्या विरुद्धच असतं, हे मी शाळेतच शिकून आलो होतो. सर पुढे गेल्यावर मी मुकाट्याने म्हातारीवर समुद्र फासला.

परत आल्यावर सरांनी विचारलं, "म्हातारी कुठे गेली?"

"तुम्हाला आवडली नाही ना, सर."

शेजारी चित्र काढत बसलेल्या फिलिपिनो बाई हसायला लागल्या. "अहो, आमच्याकडे ओठांनीच दाखवतात. तिच्याकडे बघा, असं सर आम्हाला सांगत होते."

सरांनी पुन्हा त्या कोपऱ्याकडे ओठ काढले. या वेळी मात्र ती नापसंतीच होती.

ते चित्र आता आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे समुद्राचं कौतुक करतात. खरं चित्र त्याच्याखाली जाळं विणत बसलंय, म्हणून मी ओठांनी कोपरा दाखवतो. मग ते माझ्या दाढेची चौकशी करतात.