अस्तराचा आजार

पोटाला आतून अस्तर असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? नसेल तर मान खाली घालू नका. नावापुढे तीन डिग्र्या लावून बसलेल्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना ते मास्तरिणीने शिकवलं.

मास्तरीण शाळेतली नव्हे. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. लग्नाआधी सहा वर्षं ती बॉयलरच्या कारखान्यात शिवणखोलीत होती. बारा बायका, बारा मशिनी आणि एक खिडकी, तीही खिळे ठोकून बंद. गरम पाइपांना गुंडाळायच्या गाद्या त्या शिवायच्या, जाड पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाच्या. कापड कापलं की भुसा उडायचा. सुटी झाली की एकमेकींच्या केसांतून तो झटकायचा आणि 'म्हाताऱ्या झालो गं' म्हणून हसायचं. मुकादम सांगायचा, कापूसच तो, खाल्ला तरी पचेल.

पस्तीस वर्षांनी मास्तरिणीचं पोट फुगलं. वजन उतरत होतं आणि परकर मात्र कमरेत बसेना. आधी डॉक्टर त्याला गॅस म्हणाले, मग वय म्हणाले, मग 'जेवण कमी करा' म्हणाले. शेवटी मोठ्या इस्पितळात पोटातलं पाणी काढलं, तुकडा तपासला आणि नाव निघालं: मेसोथेलिओमा.

लेक रडायला लागली. मास्तरीण म्हणाली, "रडशील नंतर. आधी अर्थ विचार."

डॉक्टरीणबाई बोलकी निघाली. "मावशी, हा फुफ्फुसाचा कॅन्सर नाही आणि जठराचाही नाही. आतले अवयव ज्या पातळ पडद्यात असतात ना, त्या पडद्याचा आहे."

"म्हणजे अस्तराचा. कापड धड, अस्तर नासलं."

"तसंच म्हणा. बहुतेकांना छातीच्या अस्तराला होतो. थोड्यांना पोटाच्या, तुमच्यासारखा. हृदयाभोवतीच्या पिशवीला फारच क्वचित."

"आणि रिपोर्टात हे 'मिश्र' काय लिहिलंय?"

"ती पेशींची जात. एक जात एकमेकींना चिकटून राहणारी. तीच जास्त आढळते आणि औषधाचं त्यातल्या त्यात ऐकते. दुसरी लांबट, सूत कातायच्या चातीसारखी, हट्टी. तुमच्यात दोन्ही आहेत."

"सासर-माहेर एकाच पोटात," मास्तरीण म्हणाली. "जास्त कोण, ऐकणारी की हट्टी?"

"ऐकणारी."

"मग बघू."

औषधं सुरू झाली. पण तिच्या डोक्यात बसल्या त्या बाकीच्या अकरा जणी. कारखान्याचा नियम असा, की एकीचा आजार कामामुळे झाला असं कामगारांचे आजार तपासणाऱ्या समितीने लिहून दिलं, तरच इतरांना शोधून तपासायचं. मास्तरीण लेकीचा हात धरून समितीपुढे गेली.

तिथल्या छापील फॉर्मवर आजाराच्या रकान्यात एकच शब्द होता: फुफ्फुस. कारखान्याचे डॉक्टर तेवढ्यावर खूश. म्हणाले, "धूळ नाकातून छातीत जाते, बाई. पोटाचं दुखणं खाण्यापिण्याचं असतं. तिखट फार खात असाल."

"तिखटाचं माहीत नाही. भुसा खाल्ला सहा वर्षं. डबा उघडला की भाकरीवर बसायचा."

मग ती समितीच्या अध्यक्षांकडे, त्या तीन डिग्र्यांच्या साहेबांकडे वळली. "साहेब, कोट काढा जरा."

का कोण जाणे, त्यांनी काढला. मास्तरिणीने तो टेबलावर उलटा पसरला. "हे अस्तर छातीला आहे, खाली पोटालाही आहे. छातीकडे उसवलं तर कारखान्याचा दोष, आणि पोटाकडे उसवलं तर जेवणाचा? भुसा तिथवर कुठल्या वाटेने पोचतो यावर मोठे डॉक्टर अजून भांडतात म्हणे. भांडू द्या. पोचतो, यावर भांडत नाहीत."

 

अध्यक्षांनी कोट घातला आणि कारकुनाला 'फुफ्फुस' खोडायला लावलं. कारकून 'मेसो'पाशी तीनदा अडला. मास्तरिणीने त्याला अक्षर न् अक्षर सांगितलं. रकान्यात उमटलं: पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा, मिश्र पेशी, कामामुळे.

आता अकरा जणींना शोधायचं. जुनं रजिस्टर काढलं. त्यात बाराही मशिनींचे नंबर होते, तेल कधी घातलं त्याच्या तारखा होत्या. बायकांच्या जागी एकच ओळ: 'शिवणकामाच्या बायका, १२.' मशिनींना ओळख होती, बायकांना नाही.

मास्तरिणीने आठवून आठवून चौघी गाठल्या. त्यातल्या एकीचं पोट डॉक्टर दोन वर्षं गॅस म्हणून दाबून बघतायत. सात जणी अजून सापडायच्या आहेत. त्यांची लग्नं झाली, गावं बदलली, आडनावं बदलली. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून हे वाचून बाजूला ठेवू नका. आज घरी गेलात की आईला, आत्याला, सासूबाईंना विचारा, लग्नाआधी तू कुठे काय शिवत होतीस? पांढऱ्या जाड कापडाचं नाव निघालं, तर तिला डॉक्टरांकडे न्या, ते काम त्यांना सांगा आणि म्हणा, छातीचं अस्तर बघा, पोटाचंही बघा.