बारशाआधी

जपानच्या सहलीत, क्योटोतल्या शेवटच्या देवळामागे हातभर उंचीच्या दगडी मूर्तींची रांग होती. प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं. जन्मून लगेच गेलेल्या बाळांना सांभाळणारा हा देव, असं मी आईला फलकावरचं वाचून दाखवलं. आई वाकली आणि एका मूर्तीचं सुटलेलं लाळेरं बांधू लागली.

"तुझ्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांत गेली."

पन्नाशीला आल्यावर मी हे पहिल्यांदा ऐकत होते. आपल्याकडे अशा बाळांचा फोटोही नसतो. घर त्यांना विसरतं, आणि आईनेही विसरावं असं धरून चालतं.

"नाव काय होतं तिचं?"

"बारशाआधीच गेली गं. मी आपलं मनात ठेवलं होतं. रेवा."

"रेवा," मी म्हटलं.

आई म्हणाली, "अजून एकदा म्हण."