बटणचं अर्धं वाक्य

शूकाकांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. हे नाव त्यांना फार उशिरा, निवृत्तीनंतर मिळालं, पण त्याचं मूळ त्या एकतीस वर्षांतच होतं. लिफ्ट बिघडली की लोक बिघाड सोडून बाकी सगळं सांगतात. कुणी म्हणतं कालपासून, कुणी म्हणतं परवापासून, कुणी सगळं खापर तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांवर फोडून मोकळं होतं. काका शांतपणे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, "शू." मग वरचा मदतनीस रिकामी लिफ्ट हळूहळू हलवायचा आणि काका कान देऊन ऐकायचे. कुठल्या मजल्यावर चाक घासतंय, कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. त्या कानाचा त्यांना अभिमान होता आणि तो असायला हरकतही नव्हती.

निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांत काकूंनी त्यांना हात जोडले. काका घरातल्या फ्रिजला, पंख्याला, शेजारणीच्या शिलाई मशीनलासुद्धा कान लावून बसत. काकू म्हणाल्या, "तुम्ही कुठेतरी उघड्यावर जाऊन बसा बघू. एकतीस वर्षं अंधारात काढलीत, आता जरा आभाळ बघा." त्याच आठवड्यात युवक केंद्राच्या फलकावर एक कागद लागला होता. वस्तीतल्या मुलांना रविवारी बाहेर नेऊन एखादा छंद शिकवणारे स्वयंसेवक हवे होते. कुणी सायकल शिकवणार होतं, कुणी डोंगर चढवणार होतं. काकांनी अर्जात छंदाच्या पुढे एकच शब्द लिहिला, "मासे." केंद्राच्या बाईंना आधी वाटलं, काचेच्या पेटीतले.

पण काकांना गळाने मासे धरायचा लहानपणापासून नाद होता. वस्तीपासून अर्ध्या तासावर जुना तलाव होता. दर रविवारी सकाळी सात वाजता सहा-सात मुलं, तितक्याच काठ्या आणि गांडुळांचा एक डबा घेऊन काका तिथे जायचे. मुलं कसली, चौदा-पंधरा वर्षांचे दांडगे. यातल्या बहुतेकांच्या घरात काही ना काही बिनसलेलं असायचं. शाळेने नाव सुचवायचं, केंद्राने रविवारी बाहेर काढायचं, अशी व्यवस्था होती. काकांनी त्यांना लिफ्टच्या भाषेतली नावं ठेवली. सहा फुटांच्या पोराचं नाव चौदावा मजला. सारखी उडी मारणारा तो स्प्रिंग. आणि गोल चेहऱ्याची एक मुलगी होती ती बटण, कारण दाबल्याशिवाय तिच्याकडून काही हलायचं नाही. पोरांनी उट्टं काढलं आणि काकांचं शूकाका केलं.

कारण तलावावर काकांचा नियम एकच होता. पाण्यावर तरंगणारं बूच हललं की बोलणं बंद. वाक्य अर्धं असो, विनोद अर्धा असो, "शू" म्हटलं की सगळ्यांची तोंडं मिटली पाहिजेत. मासा आधी आमिषाला नुसता शिवतो, मग सोडतो, मग पुन्हा येतो, आणि त्या मधल्या वेळात काठावर गलका झाला की तो गेला. हा नियम पोरांच्या अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली. नव्या पोरांना मग जुनीच पोरं शिकवायला लागली. केंद्राच्या बाई एकदा बघायला आल्या तर थक्क झाल्या. वर्गात शिक्षकांच्या नाकात दम आणणारी ही कार्टी काठावर मुनीसारखी बसली होती. काकांना इतकं बरं वाटलं की त्यांनी घरी येऊन ते काकूंना दोनदा सांगितलं.

केंद्राचेही नियम होते, छापील. मुलांच्या घरी जायचं नाही. घरच्या गोष्टी खोदून विचारायच्या नाहीत. मात्र मुलाने आपणहून काही सांगितलं, तर त्याचे नेमके शब्द त्याच दिवशी लिहून केंद्रात द्यायचे, पुढचं काय ते केंद्र बघेल. काकांना हे अगदी पटलं होतं. ते कधी कुणाला काही विचारत नसत. सहा वर्षांत त्यांना त्या कागदाची गरजही पडली नव्हती, आणि त्याचा अर्थ सगळं ठीक चाललंय असा त्यांनी लावून टाकला होता.

बटण चार महिने येत होती. ती लॉंड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत मावशी आणि मावशीच्या नवऱ्याबरोबर राहायची, एवढंच काकांना ठाऊक होतं. हात मात्र तिचा विलक्षण होता. बाटलीचं बूच आणि संपलेल्या पेनाची कांडी घेऊन तिने स्वतःचं तरंगतं बूच केलं होतं, वरचं टोक नखाच्या लाल रंगाने रंगवलेलं. मासा शिवला की वारा हलला, यातला फरक तिला काकांच्या आधी कळायचा. फक्त निघताना गळाचा दोरा, म्हणजे तंगूस, गुंडाळायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. बाकीची पोरं चहाच्या टपरीपाशी पोचलेली असत आणि ही आपली दोरा गुंडाळतेय, उलगडतेय, पुन्हा गुंडाळतेय. काका म्हणायचे, "अगं, घरी जायचंय की नाही?" ती हसायची. काकांना वाटायचं, पोरगी नीटनेटकी आहे.

त्या रविवारी ढग होते, वारा नव्हता, मासे धरायला अगदी हवं तसं. बाकीची पोरं समोरच्या दगडांवर गेली होती. बटण काकांच्या शेजारी बसली होती. पाण्याकडेच बघत ती म्हणाली, "काका, एक सांगू?"

"सांग की."

"पुढच्या रविवारी मी नसेन. मला ते..."

आणि लाल टोक पाण्याखाली गेलं.

"शू," काका म्हणाले.

बटणने तोंड मिटलं, तिथल्या तिथे, काकांनी शिकवलं होतं तसं. काठी वाकली. पाच मिनिटं दोघांची तारांबळ उडाली, आणि मग त्या वर्षातला सगळ्यांत मोठा मासा काठाशी आला. समोरची पोरं धावत आली. काकांनी हात ओले करून मासा धरला, बटणने गळ सोडवला, चौदाव्या मजल्याने फोटो काढला, आणि नेहमीप्रमाणे मासा पाण्यात परत सोडला. काका इतके खुशीत होते की टपरीवर त्यांनी सगळ्यांना बिस्किटाचा एकेक पुडा दिला. निघताना त्यांना आठवलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी विचारलं, "काय गं, मघाशी काय म्हणत होतीस?"

"काही नाही, काका."

"नक्की?"

"काही नाही." ती बिस्किट खात होती. काकांनी तिचा शब्द खरा मानला.

घरी येऊन डबा धुताना गांडुळांच्या मातीत त्यांना लाल टोकाचं बूच सापडलं. एरवी ते ती दर वेळी घरी न्यायची. पोरगी विसरली, असं म्हणून काकांनी ते खिडकीत ठेवलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. सोमवारी काका केंद्र उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी काकांना बसवलं, पाणी दिलं, फाइल काढली. "मावशीने कळवलंय. जागा सोडली त्यांनी. दुसरीकडे गेले."

"कुठे?"

"ते लिहिलेलं नाही. आणि असतं तरी मला सांगता आलं नसतं."

"ती मला काहीतरी सांगत होती," काका म्हणाले.

बाईंनी तो कागद पुढे केला. सहा वर्षांत पहिल्यांदाच. "नेमके शब्द लिहा. आपल्या मनाचं काही घालू नका." काकांनी चष्मा चढवला आणि लिहिलं, "पुढच्या रविवारी मी नसेन. मला ते". पेन थांबलं.

"पुढे?"

"पुढे बूच बुडालं."

बाईंनी बोट खाली नेलं. कागदावर खाली आणखी एक चौकट होती. स्वयंसेवकाने त्यावर काय म्हटलं, ते तिथे लिहायचं होतं. दिलासा दिला का, धीर दिला का, हे कळावं म्हणून ती मुद्दाम मोठी ठेवलेली होती, पाच ओळींची. काकांनी पहिल्या ओळीच्या सुरुवातीला लिहिलं, "शू." बाकीची सगळी चौकट रिकामी राहिली.

"हे मी वर पाठवते," बाई म्हणाल्या. "पण काका, खरं सांगू? 'मला ते' एवढ्यावर मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहू? कदाचित ती फक्त घर बदलणार आहोत असं सांगत असेल."

"मग नंतर 'काही नाही' असं का म्हणाली?"

बाईंनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. तो कागद त्याच दिवशी द्यायचा होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. काकांना ते न बोललेलं जास्त लागलं.

मग काकांनी छापील नियम गुंडाळून ठेवला आणि ते लॉंड्रीवर गेले. लॉंड्रीवाला इस्त्री करत होता. म्हणाला, गेल्याच्या गेल्या बुधवारी टेम्पो आला होता, तासाभरात सामान भरून गेलं. मुलगी मागे गाद्यांच्या मधे बसली होती.

"रडत होती का?"

"नाही हो. गप्पच होती. ती कायमच गप्प असायची."

"आणि वर कधी... आवाज वगैरे यायचे का?"

लॉंड्रीवाल्याने इस्त्री उभी ठेवली आणि काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझी मशीनं दिवसभर चालू असतात, साहेब. मला माझा रेडिओ ऐकू येत नाही." मग त्याने विचारलं, "तुम्ही कोण तिचे?"

शाळेच्या कारकुनानेही नेमकं हेच विचारलं. दाखला नेलाय, पत्ता फक्त नातेवाइकांना मिळेल, तुम्ही कोण? काकांनी पाहिलं तर खिडकीच्या त्या लोखंडी जाळीतून सांगण्यासारखं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं.

"मी तिला मासे धरायला शिकवतो."

कारकून हसला नाही, ही त्याची माणुसकी. त्याने नुसतं दोन्ही हातांनी नाही अशी खूण केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. काका तिथून घरी चालत आले. बस मिळत होती, पण बसमध्ये बसून राहणं त्यांना झेपलं नसतं.

घरी आता जेवायला बसलं की ते वाक्य ताटाशी येऊन बसायचं. काकू आपल्या परीने ते पूर्ण करून बघत. "मला ते नव्या शाळेत घालणारेत, असं असेल." दुसऱ्या दिवशी, "मला तेवढ्या लवकर उठायचा कंटाळा येतो, असंही असेल. पोरं आहेत." काका मान हलवायचे. त्यांच्या मनात येणारी वाक्यं ते काकूंना सांगत नव्हते. काकूही त्यांच्या मनातली सांगत नसाव्यात, कारण एकदा वाटी पुसता पुसता त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "तंगूस गुंडाळायला वेळ लावायची म्हणालात ना ती?"

"हो."

"हाताने एवढी चलाख पोरगी?"

काकांनी ताट बाजूला सारलं. दहा मजले वरचं कोरडं बेअरिंग ज्यांना खाली खड्ड्यात ऐकू यायचं, त्यांना हातभर अंतरावरचं हे ऐकू आलं नव्हतं. ते हे मोठ्याने म्हणाले. काकूंनी त्यांची समजूत घातली नाही. खोटी समजूत घालणं त्या घरात कधीच कुणाला जमलं नव्हतं.

महिना गेला. वर पाठवलेल्या कागदाचं उत्तर एका ओळीत आलं. माहिती अपुरी असल्यामुळे कारवाई करता येत नाही. बाईंनी ते काकांना वाचून दाखवलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

त्यानंतरच्या रविवारी काकांनी काठ्या वाटायच्या आधी पोरांना गोळा केलं. भाषण करायची सवय नव्हती, तरी केलं. म्हणाले, "आजपासून तो नियम बंद. बूच हलू दे, बुडू दे, मासा गेला तर जाऊ दे. कुणाला काही बोलायचं असेल तर बोलायचं. मधेच थांबायचं नाही. मी शू म्हणणार नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. स्प्रिंग म्हणाला, "मग मासे कसे मिळणार, काका?"

"नाही मिळाले तरी चालतील."

पोरांना हे काही केल्या पटलं नाही. ती आपापल्या जागी गेली आणि बसली, आजवर बसायला शिकली होती तशी, अगदी गप्प. काका काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. प्रत्येकापाशी थोडं थोडं उभे राहिले. स्प्रिंगने त्यांच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. एका नव्या मुलीने, जिला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, मान नुसती पाण्याकडे वळवली. इतका शांत तलाव त्यांनी कधी पाहिला नव्हता.

शेवटी ते चौदाव्या मजल्यापाशी जाऊन बसले. हा पोरगा एरवी सगळ्यांत बडबड्या, पण गेल्या दोन रविवारी तो बिस्किटं न खाताच निघून गेला होता. काकांनी आधी घसा साफ केला. नियमात बसत नाही ते विचारायचं होतं आणि विचारायचं कसं ते माहीत नव्हतं.

"घरी सगळं ठीक आहे ना रे?"

पोराने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर समोर पाण्यावर होती.

"शू, काका," तो म्हणाला.

काकांनी पाण्याकडे पाहिलं. बूच हललेलं नव्हतं.