माझ्या हातचं औषध

आमच्या आळीत म्हैस अडली, रेडकाला हगवण लागली की पहिली हाक मला. डॉक्टर मागाहून. "काकींच्या हाताला गुण हाय," असं सगळे म्हणायचे आणि मी, खोटं कशाला बोलू, ते ऐकून फुगायचे. दारात दोन म्हशी, तीस वर्षं धारा काढलेल्या. त्यामुळे जनावराचं मला कळतं हा माझा समज पक्का होता. समज कसला, माजच तो.

त्या माजापायी काय झालं ते लिहून ठेवते आहे. लिही म्हणून कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या भावाचं गारगोटीजवळ शेत आहे. तिथल्या कुत्रीला पिल्लं झाली. ती दूध सुटून भाकरी खायला लागल्यावर मी तीन पिल्लं टोपलीत घातली आणि एसटीनं कसबा बावड्याला घेऊन आले. कंडक्टर कुरकुरला, त्याला तिथंच दोन गोष्टी सुनावल्या. एक पिल्लू कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंना दिलं, एक घरी ठेवलं आणि तिसरं आप्पांना. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या तिसऱ्यासाठीच होता.

आप्पा आमचे शेजारी, भिंतीला भिंत. साखर कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं. बायको गेली आणि माणूस बोलायचाच थांबला. मूलबाळ नाही. मी दुपारी डबा नेऊन ठेवायचे, संध्याकाळी झाकण उघडलं तर भाकरी तशीच. "आप्पा, चार घास खावा की," म्हटलं तर "भूक न्हाय पोरी," एवढंच. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळले होते. हा माणूस असाच बसल्या जागी संपणार, याची मला भीती वाटायची.

पिल्लू मांडीवर टाकलं तेव्हा खवळले. "ही काय ब्याद आणलीस गं?" तिसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकावले तर आप्पा ताटलीत भाकरी कुस्करत होते. एक घास पिल्लाला, एक स्वतःला. त्याचं नाव ठेवलं नाही, नुसतं "बाळ" म्हणायचे. "बाळ, चल. बाळ, चावू नगं की." वर्षभरात त्या घरातून एवढे शब्द मी ऐकले नव्हते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

लस टोचली का, असं मास्तरीणबाईंनी एकदा विचारलं होतं. मी हसले. "गावठी कुत्र्याला कसली डोंबलाची लस!" माझ्या माहेरी दर साली कुत्री व्यायची, पाच-सहा पिल्लं, त्यातली चार हगवणीनं मरायची. "पिल्लं टिकत न्हाईत," असं आई म्हणायची आणि आम्ही खड्डा खणायचो. का टिकत नाहीत, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पहिलं पडलं मास्तरीणबाईंचं. ओकायला लागलं, खाणं सोडलं. मला बोलावणं आलं. मी जायफळ उगाळलं, ताकात कालवलं, पिल्लू मांडीत दाबून चिंधीच्या बोळ्यानं पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली. तो वास! व्यालेल्या म्हशीची वार पोटात सडली तरी इतका वास येत नाही. तरी मी आपली "दूध बाधलंय, उतरंल," म्हणत पोट चोळत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा बोळा पाजला, तो तोंडातून तसाच बाहेर आला.

वाटी-बोळा घेऊन तिथून निघाले, पदराला हात पुसले आणि घराकडे वळले. आप्पा दारातच उभे होते.

"मास्तरणीचं लई बेकार हाय म्हणं?"

"जगंल असं वाटत न्हाई."

"मग माझ्या बाळाला आदीच दे की औषध. तुझ्या हातचं दे. तुझ्या हाताला गुण हाय."

मी दिलं. तीच वाटी, तोच बोळा. बाळ उड्या मारत होतं, औषध म्हणजे काहीतरी खाऊच समजून माझी बोटं चाटत होतं. आप्पांनी समाधानानं मान डोलावली.

मास्तरीणबाईंचं पिल्लू त्याच दुपारी गेलं. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी माझं पडलं.

स्वतःच्या दारातली हगवण बघितल्यावर मात्र माझा धीर सुटला. पोत्यात गुंडाळून कुत्र्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं जे बघितलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. बाकड्यावर, फरशीवर, पायरीवर, सगळीकडे पिल्लं. महागडी केसाळ होती, आपली गावठीही होती. प्रत्येकाच्या पुढच्या पायाला चिकटपट्टी आणि सलाईन. एक माणूस हातकणंगल्याहून मोटारसायकलवर दोन पिल्लं घेऊन आला होता. त्यातलं एक वाटेतच गेलेलं, आणि त्याला ते डॉक्टरनं सांगेपर्यंत कळलंच नव्हतं.

डॉक्टर तरुण पोरगी होती, डोळे झोपेनं सुजलेले. शेपटीखाली कापूस फिरवून तिनं एका पट्टीवर थेंब टाकले. दोन रेघा उमटल्या. "पार्वो," ती म्हणाली. आजार नवीन आलाय का, असं मी विचारलं. "नवीन कुठला मावशी, घरोघरी आहे. लस नसलेल्या पिल्लांत तर रोज बघतो आम्ही. लोकांना वाटतं दूध बाधलं." मी खाली बघितलं.

मग तिनं विचारलं, आजूबाजूला आणखी पिल्लं आहेत का? आणि सांगायला लागली, की हा आजार हाताला, कपड्याला, चपलेला चिकटून जातो. पदरावर राहतो, मातीत महिनोन्महिने राहतो. फिनेलनं मरत नाही, ब्लिचिंग पावडर लागते. आजारी पिल्लाला हात लावलेल्या माणसानं दुसऱ्याच्या जवळ जायचं नाही.

ते बोळ्याचं, त्या वाटीचं मी तिला सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. "ते पिल्लू आजच आणा," म्हणाली. "लक्षणं दिसायची वाट बघू नका."

माझं पिल्लू सलाईनवर तिथंच ठेवून मी तडक आप्पांकडे गेले. दारात चार हात लांबच उभी राहिले.

"आप्पा, बाळाला दवाखान्यात दाखवून आणूया."

"का? चांगलं हाय की."

"असूद्या. एकदा दाखवूया."

"अगं, तू दिलंस की औषध! त्येला कशाला उगं सुया टोचायच्या?"

इथं मी बोलायला हवं होतं. आप्पा, त्या औषधातूनच मी तुमच्या बाळाला मरण पाजलंय, असं सांगायला हवं होतं. ओरडून, भांडून, पिल्लू ओढून न्यायला हवं होतं. कंडक्टरशी भांडताना जीभ कशी चुरूचुरू चालली होती. पण आप्पा माझ्याकडे असं विश्वासानं बघत होते, की मी म्हणाले, "बरं. उद्या बघू." शरम वाटते लिहिताना. लाजेपायी मी तो एक दिवस घालवला.

उद्या उजाडलं तेव्हा बाळ कोपऱ्यात तोंड घालून बसलं होतं. भाकरीला तोंड लावेना. आप्पाही जेवले नाहीत.

मग मात्र मी त्यांना काही विचारलं नाही. रिक्षा आणली आणि दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बाटल्या लिहून दिल्या, त्या आणायला मी औषधांच्या दुकानात गेले. परत आले तर आप्पा फरशीवर बसलेले, बाळाचं डोकं त्यांच्या तळव्यावर. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. काळजीत आहेत, असं मला वाटलं.

माझं पिल्लू त्याच संध्याकाळी गेलं. खोटं वाटेल, पण मला त्याचं रडूही आलं नाही. माझा सगळा जीव बाळात अडकला होता. चार दिवस आम्ही ये-जा केली. सलाईन ठिबकत असायचं आणि आप्पा त्याच्या कानाशी पुटपुटत असायचे, "बाळ, उठ. बाळ, माझं ऐक की." तिसऱ्या दिवशी त्यानं मान उचलली, शेपूट एकदा हलवली. आप्पांनी माझा हात गच्च धरला. मी तिथंच देवाला हात जोडले, काय काय बोलून बसले. चौथ्या दिवशी सकाळी त्याचं अंग गार पडत गेलं. डॉक्टर पोरीनं दोनदा कान लावून बघितलं आणि सुई काढून घेतली.

आप्पांच्या परसात खड्डा खणला. खोल खणा, वर ब्लिचिंग पावडर टाका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आप्पांनी स्वतःच माती ढकलली, मला फावड्याला हात लावू दिला नाही.

त्यानंतर त्यांचं खाणं पुन्हा तुटलं. भाकरी तशीच परत यायला लागली. आठवडाभर मी रोज गेले आणि रोज तोंड उघडायच्या आत परत फिरले. सांगितलं तर म्हातारा मला दारात उभं करणार नाही, आणि मग त्याच्या तोंडात घास कोण घालणार, असं मी मनाला समजावत होते. खरं म्हणजे मला त्यांच्या डोळ्यांतली ती माया जाताना बघायची नव्हती. शेवटी एका दुपारी उंबऱ्यावर बसले आणि एका दमात बोलून टाकलं.

"आप्पा, बाळ माझ्यामुळं गेलं. मास्तरीणबाईंच्या पिल्लाचा आजार मीच आणला तुमच्याकडं. त्या बोळ्यानं. मला कळलं होतं आणि मी गप बसले."

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. समोरच्या डब्याचं झाकण ते बोटानं फिरवत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "तू पहिल्या दिशी बाटल्या आणाया गेलतीस न्हवं, तवा त्या पोरीनं सांगिटलं समदं."

"मग बोलला का न्हाई आप्पा? चार शिव्या तरी घालायच्या की मला! रोज माझ्यासंगं रिक्षात बसून येत होता, कधी एक अक्षर न्हाई..."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बोललो असतो तर तू यायची बंद झाली असतीस, पोरी. बाळ तर जाणारच व्हतं. मग माझ्याकडं कोण आलं असतं?"