वीतभरावर थांबायचं होतं

बावीस वर्षांत इसरूच्या हाताखालून एकही गाडी ओरखडा घेऊन गेली नव्हती. गोंडपिपरीच्या गुणवंतरावांच्या वर्कशॉपमध्ये दोन खांबांची लिफ्ट बसली, तेव्हापासून तिचं बटण तोच दाबायचा. त्याची रीत ठरलेली. आधी विचारायचं, "डिक्कीत काय आहे?" मग लिफ्टच्या चारही हातांवरचे रबरी गट्टू गाडीखालच्या खुणेवर बसवायचे. गाडी वीतभर उचलून थांबायचं. बंपर धरून हलवायची, गट्टू पुन्हा बघायचे, मगच वर. पाच मिनिटांचं काम.

एप्रिलात मंगली आपली जुनी गाडी घेऊन आली. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातलं तिचं गाव. बचतगटाची मोहफुलं ती स्वतः गाडी चालवून बाजारात पोचवायची. सायलेन्सर सुटला होता. सकाळपासून विजेची लाईन नव्हती, म्हणून ती समोरच्या टपरीवर चहाला जाऊन बसली, आणि तेवढ्यात लाईन आली. पुन्हा जाईल या धास्तीनं इसरूनं घाईनं गट्टू लावले, बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. विचारलं नाही, थांबला नाही, हलवलं नाही.

कमरेइतकी वर गेली आणि गाडी मागे झुकली. एक गट्टू घसरला, दाराखालची पट्टी कचकन आत दबली. त्यानं गाडी हळूहळू खाली घेतली, डिक्की उघडली. आत मोहफुलांची चार पोती.

मंगली धावत आली. "माह्या पोत्यायनं झालं काय, भाऊ?"

टपरीवरचे सगळे बघत होते. इसरू बोलून गेला, "मंग काय! वजन असलं त सांगा लागते ना, बाई."

"बायांच्या हाती गाडी म्हटलं का असंच," गुणवंतराव म्हणाले. लोक हसले. इसरूही हसला.

"चुकलं माहं, भाऊ." तिनं चारही पोती एकटीनं ओढून काढली. इसरू पट्टी ठोकत बसला. पोत्याला हात लावायला तो उठला नाही.

महिन्याभरानं ती ब्रेकसाठी आली. उतरताच तिनं डिक्की उघडली. "पाह्य, भाऊ. काहीच नाई. जॅक घरी ठेवला, स्टेपनीबी."

"स्टेपनी काऊन?"

"वजन होते ना."

तीस किलोमीटर जंगलाचा रस्ता. निम्म्या वाटेत फोन लागत नाही. मे महिना, आणि ही बाई स्टेपनीशिवाय एकटी आली होती, त्याच्या एका वाक्यापायी. इसरूला मान वर करवेना. टपरीवर तेच लोक होते. तो त्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"बाई, तवा तुही चूक नव्हती. मीच इचारलं नाई. वीतभरावर थांबलो नाई."

गुणवंतरावांनी पेपर खाली ठेवला.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?" मंगलीनं विचारलं.

"लाज वाटली."

"अन् मले वाटली नसन काय?"

त्यानं वर्कशॉपातली एक स्टेपनी तिच्या चाकाला जुळते का पाहिलं आणि जॅकसकट परतीसाठी बाजूला काढून ठेवली. मग गट्टू बसवले, गाडी वीतभर उचलली आणि थांबला. बंपर धरायला तो वळला, तोवर मंगलीच पुढे झाली. तिनं दोन्ही हातांनी गाडी हलवली, वाकून चारही गट्टू एकेक करून बघितले.

ती "घे वर" म्हणेपर्यंत इसरूनं बटणाला बोट लावलं नाही.