नेलिमाचे दात आणि पेरूचे म्विको

माझी धाकटी जाऊ नेलिमा पेरूच्या झाडावरनं पडली तेव्हा बावन्न वर्षांची होती. बावन्न वर्षांच्या बाईनं झाडावर कशाला चढायचं, असं सगळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, पेरू वर होते म्हणून. फांदी मोडली, ही खाली आली. हातापायाला काही झालं नाही, वरचे पुढचे दोन दात तेवढे गेले. एक गवतात सापडला. दुसरा कोंबडीनं खाल्ला असं तिचं म्हणणं.

आता दात काय, आमच्या गावात पुष्कळ जणींचे गेलेत. माझेच बघ किती राहिलेत. पण नेलिमाचं वेगळं होतं. ती लुलुलु करायची, जीभ हलवून आनंदाची आरोळी. तसं आम्ही सगळ्याच करतो गं, लग्नात, पोर झालं की, कुणी परीक्षेत पास झालं की. पण नेलिमाची जीभ हलली की नदीपलीकडच्या लोकांना कळायचं, इकडं काहीतरी चांगलं झालंय. नवरी घरातनं निघायची वेळ झाली आणि नेलिमा आलेली नसली तर म्हातारे म्हणायचे, थांबा जरा, येऊ दे तिला. उन्हात थांबायचे लोक.

दात गेल्यावर पहिलं लग्न आलं ते मास्तरांच्या पुतणीचं. नवरी बाहेर आली. नेलिमानं कमरेला गुंडाळलेला लेसो, ते रंगीत कापड, घट्ट आवळला, पुढं झाली, तोंड उघडलं आणि त्यातनं शीळ आली. लांबलचक, अगदी स्वच्छ शीळ. गुराखी घालतात तशी. तीन कुत्री धावत आली. त्यातलं एक तर आमच्या गावचंही नव्हतं.

बायकांनी तोंडाला लेसो लावले. मकोखा भाऊजी तिथंच होते. हे आमच्या दोघींचे चुलत दीर, गप्प बसणं त्यांना जमत नाही. मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, नवरीला निरोप देताय का कुत्र्यांना जेवायला बोलावताय?"

नेलिमा तशीच माघारी फिरली. घरी आल्यावर म्हणाली, "अक्का, डिसेंबरात मुतोन्यीचं लग्न आहे."

मुतोन्यी तिची पोरगी, तीन पोरग्यांच्या पाठची एकटीच.

"मला ठाऊक आहे की," मी म्हटलं.

"नवरीची आई मी. मी नाही करायचं तर कुणी करायचं?"

"मी करीन."

"तुझं ऐकलंय मी," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. खरंच होतं ते.

मग आम्ही दोघी तालुक्याला गेलो, दात बसवणाऱ्याकडं. त्यानं नेलिमाच्या तोंडात बघितलं आणि आकडा सांगितला. नेलिमानं तोंड मिटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर सिफुना म्हणाला, "मला तू अशीही चालतेस." चांगला माणूस आहे. पैसे मिळणार नाहीत, हेही त्यातच आलं.

नेलिमाचा बाप लाकडाची स्टुलं कोरायचा. तिच्या हातात ते होतं. मोडलेली पेरूची फांदी अंगणात पडली होती, तिचा तिला राग होताच. तिनं ती तासली आणि म्विको केला, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली ढवळायचा चपटा दांडा. काचेच्या तुकड्यानं घासून असा गुळगुळीत केला की गालाला लावावा. मग खिळा चुलीत लाल करून त्याच्यावर डाग दिले, माशाचे काटे, बिबट्याचे ठिपके. मुठीला तारेत ओवून निळे-पांढरे मणी, आणि टोकाला एक कवडी. इतका देखणा म्विको मी कधी बघितला नव्हता. पहिला तिनं बाजूला ठेवला, आणि बाकीच्या फांद्या तोडायला घेतल्या.

"लोक लग्नात थर्मास देतात," ती म्हणाली. "ताटल्या देतात. हेही देतील. स्वयंपाकघरातलीच वस्तू आहे."

बाजाराच्या दिवशी आम्ही कांदेवाल्यांच्या शेजारी गोणपाट पसरलं आणि म्विको ओळीनं मांडले. बायका थांबायच्या. हातात घ्यायच्या. मणी हलवून बघायच्या.

"हे काय?"

"म्विको."

"मण्यांचा?"

"लग्नात द्यायला."

"आणि मणी उगालीत पडले तर?"

"पडत नाहीत."

"पडले तर?"

"तर चावू नका."

पुढचे दात नसलेल्या बाईचा हा सल्ला. विचारणारी निघून गेली. दुसरी आली, तिनं सगळे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "म्विको विकत घ्यायला मला काय आई नव्हती?" हेच खरं दुखणं होतं. आमच्याकडं म्विको आईकडनं येतो, नाहीतर सासूकडनं. बाजारातनं आणणारीला लोक विचारतात, काय गं, तुझं कुणी नाही का? तीन बाजार झाले. एकच म्विको गेला, तोही एका ट्रकवाल्यानं नेला. त्याला वाटलं पाठ खाजवायचा आहे.

मीच म्हटलं, "अगं, इथंच उगाली करून दाखव. मणी पडत नाहीत ते लोकांना दिसू दे."

चौथ्या बाजाराला आम्ही पातेलं नेलं, तीन दगड नेले, पीठ नेलं. पाणी उकळलं, नेलिमानं पीठ सोडलं आणि ढवळायला लागली. बारका छुनछुन आवाज यायचा मण्यांचा. बायका जमल्या. उगाली घट्ट झाली, नेलिमानं दोन्ही हातांनी दाबून उलटवली, एक मणी हलला नाही. एका बाईनं लेसोची गाठ सोडायला घेतली, पैसे काढायला. मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी.

तेवढ्यात मकोखा भाऊजी आले. "बघू शिजलीय का," म्हणाले आणि पातेल्यात हात घातला.

आता नेलिमानं चार पोरं वाढवलीत. पातेल्यात हात घातला की तिचा हात आपोआप चालतो. विचारबिचार करत नाही ती. टप्. म्विको बसला भाऊजींच्या मनगटावर.

कांदेवाल्यांनी तराजू खाली ठेवले.

आमच्याकडं उलथण्याला म्विको म्हणतात, आणि जे कधी करायचं नाही त्यालाही म्विकोच म्हणतात. दोन्हीला एकच शब्द. आणि म्विकोनं बाप्याला मारणं हा सगळ्यात मोठा म्विको. मारलं तर काय होतं, ते जो तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं गुरं दूध देत नाहीत, कुणी म्हणतं माणसाचं माणूसपण जातं. खरं-खोटं करून बघायला कुणी तयार झालेलं नाही.

भाऊजींनी हात असा वर धरला जसा काय तुटलाच. "मला म्विको मारला! सगळ्यांनी बघितलं!"

"तुम्ही पातेल्यात हात घातलात."

"पातेल्यात हात घालणं म्विको नाही. म्विकोनं मारणं म्विको आहे."

त्यांचं बरोबर होतं. म्हणून तर नेलिमाला जास्त राग आला.

ती लेसोची गाठ सोडणारी बाई गाठ बांधून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी म्हातारे बसले. भाऊजींना शुद्ध करून घ्यायला बकरा पाहिजे होता. सगळ्यात वयस्कर आजोबांनी विचारलं, "कुठं लागलं?"

"मनगटाला."

"मग कोंबडा. डोक्याला लागलं असतं तर बकरा."

भाऊजींच्या तोंडावर दिसत होतं की डोकं पुढं करायला हवं होतं. नेलिमानं कोंबडा दिला. आजोबा म्हणाले, आता हा म्विको चुलीवर चालायचा नाही आणि चुलीत घालायचाही नाही. टांगून ठेवा कुठंतरी. नेलिमानं तो नेऊन बाजारातल्या आमच्या जागेच्या बांबूला टांगला, कारण घरी सिफुना म्हणाला, माझ्या घरात नको.

परत येताना ती म्हणाली, "संपलं, अक्का. शीळच घालायची लेकीच्या लग्नात."

पण पुढच्या बाजाराला गंमत झाली. एरवी आमच्या गोणपाटाला खेटून मोटरसायकली लावणारे पोरगे त्या दिवशी लांब उभे राहिले. कांद्याचा भाव करायला येणारे बाप्ये बांबूकडं बघून हळू बोलायला लागले. मकोखा भाऊजी तर मासळीच्या रांगेतनं वळसा घालून गेले. हे मासेवालीनं बघितलं. ती हात पुसत आली.

"मुतोन्यीच्या आई, हे सगळ्यांवर चालतं का?"

"काय?"

"हे."

"ते उलथणं आहे."

"ते दिसतंय मला. पण चालतं का?"

तिनं एक नेलं. मास्तरांच्या बायकोनं एक नेलं आणि दारासमोरच्या भिंतीला लावलं. ती काही बोलली नाही, काही केलं नाही. मास्तर रोज विचारायचे, आज उगाली इतकी मऊ का? त्या दिवशी जेवले आणि म्हणाले, छान झालीय. ती चार मैल चालत हे सांगायला आली.

मग काय विचारतेस. बायका लांबलांबच्या बाजारांतनं यायला लागल्या. लेकीला द्यायला, बहिणीला द्यायला, लग्नाच्या पेटीत सगळ्यात वर ठेवायला. नेलिमा प्रत्येकीला सांगायची, याला महिन्याला तेल लाव, गरम पाण्यात भिजत ठेवू नकोस. त्या मान हलवायच्या आणि विचारायच्या, दोरी मिळेल का?

"मी हे चुलीसाठी केलेत," ती एकीवर ओरडली.

"कर की तू चुलीसाठी. मला भिंतीसाठी दे."

शेवटी ती प्रत्येक म्विकोबरोबर एक खिळा द्यायला लागली. तोंड पाडून द्यायची, पण द्यायची. मकोखा भाऊजींची बायकोसुद्धा आली. दोन घेतले.

"दोन कशाला गं?" मी विचारलं.

"एक बसायच्या खोलीत, एक झोपायच्या," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर ठेवून गेली.

नोव्हेंबर संपेतो पेरूचं नुसतं खोड राहिलं, आणि लग्नाच्या आठ दिवस आधी नेलिमाच्या तोंडात दोन दात बसले. शेजारच्या दातांपेक्षा पांढरे होते जरा. मी म्हटलं, एकदा करून तर बघ.

"नाही."

"अगं, आणि शीळच आली तर?"

"तर तेव्हा कळेल."

आठ दिवस तिनं तोंड उघडलं नाही. सिफुना घाबरला. त्याला वाटलं त्याच्यावर रागावलीय. त्यानं न सांगता गोठा साफ केला.

लग्नाच्या सकाळी तिनं मुतोन्यीच्या हातात तो पहिला म्विको ठेवला, ज्या फांदीवरनं पडली होती तिचा. पोरीनं फिरवून बघितला.

"आई, हा चुलीला की भिंतीला?"

"चुलीला," नेलिमा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खिळा पिशवीत आहे."

मुतोन्यी दारातनं बाहेर आली. सगळ्या बायकांनी नेलिमाकडं बघितलं. मकोखा भाऊजींनी मुद्दाम आपलं कुत्रं दोरीला बांधून आणलं होतं, ते समोरच घेऊन उभे होते, हसायच्या तयारीत. नेलिमानं लेसो आवळला. तोंड उघडलं.

मी भाऊजींच्या पायाशी पेंगणाऱ्या कुत्र्याकडंच बघत होते. नदीपलीकडनं कुणा बाईनं उलट लुलुलु केलं, ते मला ऐकू आलं. भाऊजींनी दोरीला हिसका दिला, पायानं ढोसलं. कुत्र्यानं एक कान हलवला आणि परत झोपलं.